मुंबईतील भाड्याच्या खोलीचा उदयास्त

लालबागच्या उड्डाणपुलावरून दक्षिणेकडे जाताना दोन्ही बाजूंस जे उत्तुंग मनोरे दृष्टीस पडतात, त्यांविषयी आपल्या मध्यम वर्गात दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, कोंदट चाळी गेल्या आणि त्यांच्या जागी लिफ्ट व घरात नळ असलेली घरे आली, हे शहराच्या भरभराटीचेच लक्षण होय. दुसरा पक्ष म्हणतो, बिल्डरांच्या लोभापायी मराठी माणूस गिरगावातून दादरास, दादरहून डोंबिवलीस आणि डोंबिवलीहून बदलापुरास लोटला गेला. दोन्ही बोलण्यांत थोडेबहुत तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्ष मनोऱ्याच्या उंचीकडे पाहून बोलत असल्यामुळे ह्या शहराच्या इतिहासातील एक मोठा पालट त्यांच्या नजरेतून निसटतो, असे आम्हांस वाटते. तो पालट कोणता, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी खानेसुमारीतील दोन आकडे वाचकांपुढे ठेवतो. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ शहराची, म्हणजे आजच्या मुंबई शहर जिल्ह्याची, लोकसंख्या १९८१ साली सुमारे ३२ लाख ८५ हजार होती. तीस वर्षांनी, २०११ साली, ती सुमारे ३० लाख ८५ हजार भरली. ह्या तीस वर्षांत परळ, लालबाग, ताडदेव, दादर येथे चार मजल्यांच्या जागी चाळीस मजले उठले; आणि तरीही राहणारांची संख्या दोन लाखांनी घटली. ह्यानंतरची खानेसुमारी २०२१ साली व्हावयाची, ती लांबणीवर पडली. म्हणून ह्याच आकड्यांवर विसंबणे भाग आहे. घरे वाढली आणि माणसे घटली, हे कोडे केवळ लोभाने उलगडत नाही. कारण लोभ मुंबईत १८६० सालीही होता, आणि त्या काळी त्याच लोभाने माणसे शहरात आणली होती.

तो काळ थोडा न्याहाळून पाहू. कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ साली कंपनी उभारून ताडदेव येथे मुंबईची पहिली कापड गिरणी काढली. ती १८५६ साली चालू झाली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडला तिकडील कापूस मिळेनासा होऊन मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. शहरात पैसा लोटला, किल्ल्याचे तट पाडले गेले, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ साली त्या बुडाल्याही. १८६४ च्या गणतीत ८,१६,५६२ लोक होते, ते १८७२ साली ६,४४,४०५ वर आले. पण गिरण्या टिकल्या, वाढल्या, आणि त्यांच्यासाठी लागणारा मजूर रत्नागिरीकडून बोटीने व घाटावरून आगगाडीने येतच राहिला.

ह्या माणसांना घर कोणी दिले? सरकारने दिले नाही. गिरणीमालकांनी, काही थोडे अपवाद सोडल्यास, दिले नाही. ते दिले भाड्याच्या उत्पन्नावर नजर ठेवणाऱ्या सावकारांनी, व्यापाऱ्यांनी आणि वाडीवाल्यांनी. गिरगावात पूर्वी नारळी-पोफळींच्या बागा होत्या; फणसवाडी, केळेवाडी ही नावे त्या बागायतीची साक्ष आजही देतात. त्या वाड्यांत लाकडी खांबांच्या, लांब सज्जाच्या, एकापुढे एक दोन खणांच्या चाळी उठल्या आणि तेथे कचेऱ्यांतील कारकून, शाळामास्तर, छापखान्यातील जुळारी राहू लागले. परळ-लालबागकडील चाळी त्याहून हलक्या. तेथे एकेका खोलीत एकाच गावचे पाच-दहा गडी राहावयाचे, पाळीपाळीने झोपावयाचे, आणि जवळच्या खानावळवाल्या बाईकडे जेवावयाचे. बायकामुले गावी. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ ह्या कादंबरीत गिरणगावच्या ह्याच जगाकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले.

ह्या व्यवस्थेची स्तुती करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील खानेसुमाऱ्या पाहिल्या, तर शहरातील सुमारे दोन तृतीयांश लोक एकखोली बिऱ्हाडांत राहत होते आणि एका खोलीत सरासरी चारांहून अधिक माणसे होती, असे दिसते. मोरीत उजेड नाही, शौचकूप सामाईक, आणि त्यांच्या पाठीशी भंगीगल्लीची दुर्गंधी, अशी ती घरे. तथापि त्या खोलीत एक गुण होता, आणि इतिहासाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. मुंबईत येणाऱ्या परक्या माणसास शहरात पाऊल ठेवण्यासाठी एक महिन्याचे भाडे आणि एका गाववाल्याचा शब्द एवढेच भांडवल पुरत असे. जमीन कोणाची, इमारत कोणी बांधली, तिची किंमत किती, ह्यांच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. भाड्याची खोली हा ह्या शहराचा दरवाजा होता, आणि आज जी मराठी कुटुंबे स्वतःस जुनी मुंबईकर म्हणवितात, त्यांतील बहुतेकांचे पूर्वज त्याच दरवाजाने आत आले.

ह्या दरवाजाची डागडुजी करण्याची पहिली बुद्धी सरकारास प्लेगने दिली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचा रोगी ओळखला; हजारो माणसे मेली, लाखो पळाली, गिरण्या ओस पडल्या. तेव्हा व्यापार वाचविण्यासाठी १८९८ साली कायदा करून ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापण्यात आला. ट्रस्टने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आत घेतला. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष ऑर ह्यांनी उजेड आणि हवा ह्यांचा एक साधा नियम पुढे मांडला. खोलीच्या भिंतीवर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनातून आकाश दिसले पाहिजे, असे त्याचे शास्त्रीय रूप. व्यवहाराच्या भाषेत त्याचा अर्थ इतकाच, की इमारत जितकी उंच असेल, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा तिच्या बाजूस असावी. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल.

ट्रस्टच्या कामाची दुसरी बाजू मात्र खेदजनक आहे. रस्त्यांसाठी त्याने जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या पहिल्या वीस वर्षांत बांधल्या नाहीत. आग्रीपाडा, नागपाडा वगैरे ठिकाणी चाळी उठल्या खऱ्या. पण उठविलेला गरीब माणूस बहुधा शेजारच्याच गल्लीतील जुन्या चाळीत आणखी एका बिऱ्हाडाची भर घालून मोकळा होई. ट्रस्टचे खरे यश दिसले ते उत्तरेस, दादर-माटुंग्यास. तेथे रुंद रस्ते, झाडे, ठरावीक उंचीच्या टुमदार इमारती अशी आखीव वस्ती झाली. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी त्याच आखणीतून निघाल्या. त्याच सुमारास, १९१५ साली, सारस्वत मंडळींनी रावबहादुर तालमकी ह्यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे सहकारी तत्त्वावर गृहनिर्माण संस्था काढली. मालक आणि भाडेकरू हे दोघेही एकच असावेत, ही कल्पना आपल्या शहरात तेव्हा रुजली. मध्यम वर्गाचा प्रश्न अशा रीतीने सुटण्याच्या मार्गास लागला, आणि मजुराचा तसाच राहिला.

मजुरांसाठी मोठ्या प्रमाणावर घरे बांधण्याचा पहिला यत्न गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांचा होय. पहिल्या महायुद्धानंतर भाडी भडकली, संप होऊ लागले. तेव्हा १९२० साली ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ नावाचे नवे खाते उघडून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. कर्ज काढले, आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया जकात बसविली. प्रत्यक्षात वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीस १२ मिळून २०७ चाळी झाल्या. म्हणजे खोल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. दर मजल्यास वीस खोल्या, मध्यभागी बोळ, खोली १६० चौरस फुटांची, बांधणी सिमेंट-काँक्रीटची. खर्च अंदाजाबाहेर गेल्याने भाडे मजुरास जड झाले. वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूस असल्याने तेथील पुष्कळ खोल्या पहिली काही वर्षे रिकाम्याच राहिल्या. ज्या चाळी पुढे बीडीडी ह्या नावाने सर्वतोमुखी झाल्या, त्यांचा आरंभ असा निराशेचा होता.

ह्याच दशकात युरोपात एका शहराने हेच काम हाती घेतले होते. व्हिएन्नाच्या नगरपालिकेने १९२३ साली घरांवर चढता कर बसविला. मोठ्या घरास मोठा आणि लहान घरास अगदी नाममात्र. त्या करातून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे बांधली. १९३० साली पुरी झालेली कार्ल मार्क्स होफ ही तेराशेंहून अधिक बिऱ्हाडांची इमारत त्यांतीलच. मुंबईच्या योजनेशी तुलना करता दोन भेद दिसून येतात. व्हिएन्नाने बांधणीचा खर्च करातून उचलला आणि भाडेकरूकडून केवळ देखभालीपुरते भाडे घेतले. मुंबईने कर्ज काढले आणि ते भाड्यातून फेडून घेऊ पाहिले. व्हिएन्नाने बांधलेले घर भाड्याचेच ठेवले, आणि ते काम पुढेही चालू ठेवले; आज त्या नगरपालिकेच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार भाड्याची घरे आहेत. मुंबईने काही वर्षांतच खाते गुंडाळले. साधनांचा फरक मोठा होता हे खरे. व्हिएन्ना स्वायत्त होती आणि मुंबई परतंत्र. पण स्वातंत्र्यानंतर आपण काय केले, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोचणारा ठरतो.

स्वातंत्र्याच्या वर्षीच एक कायदा झाला, आणि ह्या सर्व कथेची कळ त्या कायद्यात आहे. भाडे नियंत्रणाचे कायदे युद्धाच्या निमित्ताने १९१८ साली आणि पुन्हा १९३९ साली झालेच होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच योग्य भाडे ठरविले, आणि तो कायदा दर वेळी मुदत वाढवून अर्धशतक चालविण्यात आला. हेतू उत्तम होता. युद्ध, फाळणी, निर्वासितांचे लोंढे ह्या काळात घरमालकांच्या हाती मोकळीक राहती, तर हजारो कुटुंबे रस्त्यावर येती. गिरगाव आणि लालबाग पुढील पन्नास वर्षे मराठी राहिले, केशवजी नाईकांच्या चाळीतील १८९३ पासूनचा गणपती त्याच आळीत बसत राहिला, गिरणीतील माणसास आपली बायकामुले गावाहून आणता आली, ह्याचे पुष्कळसे श्रेय ह्या कायद्यास दिले पाहिजे. आपल्यापैकी कित्येकांचे शिक्षण त्या गोठलेल्या भाड्याने केले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु ह्याच कायद्याने शहराच्या दरवाजास आतून कडी घातली. ज्याच्या नावे पावती होती, त्याला जन्मभराचे आणि वारसांचेही घर मिळाले. जो १९५० किंवा १९६० साली आला, त्याला खोली कोणी देईना. भाडे वाढविता येत नाही आणि भाडेकरू उठविता येत नाही असे दिसताच भाड्यासाठी नवी इमारत बांधणे हा वेडेपणा ठरला. मग जुन्या खोल्यांचा व्यवहार पागडीवर होऊ लागला. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोकड घेई आणि तीत घरमालकाचा वाटा असे. १९४७ च्या कायद्याने हा गुन्हा मानला होता. तरी पन्नास वर्षे तो उघड्यावर चालला, आणि अखेरीस १९९९ च्या कायद्याने त्यास मान्यता दिली. एक महिन्याच्या भाड्यावर उघडणारा दरवाजा आता हजारोंच्या पागडीवर उघडू लागला. ज्याच्याजवळ पागडी नव्हती, तो झोपडीत गेला. नवी इमारत बांधावयाची ती विकण्यासाठीच, असा रिवाज पडून ‘ओनरशिप फ्लॅट’ हा शब्द मराठीत आला. १९६३ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही करावा लागला.

चाळींचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. दहा रुपये भाड्यात घरमालक कौले बदलीना आणि वाळवी लागलेली तुळई काढीना. इमारती कोसळू लागल्या. तेव्हा १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळ स्थापून जुन्या इमारतींवर उपकर बसविला. अशा १९,६४२ इमारतींची नोंद झाली; त्यांपैकी १६,५०२ ह्या १९४० च्या सप्टेंबरपूर्वीच्या होत्या. हे मंडळ पुढे म्हाडात विलीन झाले. टेकू लावणे, राहणारांस संक्रमण शिबिरात पाठविणे आणि पुन्हा टेकू लावणे, हा क्रम दोन पिढ्या चालला. संक्रमण शिबिरात जन्मलेली मुले तेथेच लग्नाची झाली, अशी कुटुंबे ह्या शहरात आहेत. भेंडीबाजारातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळून तेहतीस माणसे गेली; दोन वर्षे लोटली नाहीत तोच, १६ जुलै २०१९ रोजी, डोंगरीत पुन्हा तसाच अनर्थ घडला. तेव्हा जुन्या चाळी होत्या तशाच राहाव्यात, असे म्हणणाऱ्याने तेथील जिन्यावरून एकदा पावसाळ्यात वर जाऊन यावे.

येथून मनोऱ्यांचा अध्याय सुरू होतो. सरकारजवळ पैसा नव्हता. पण चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करावयाचे ह्याची परवानगी, सरकारच्या हाती होती. नाणे पाडावे तशी ती परवानगी पाडता येते, असा शोध लागला. मूळ शहरात सामान्यतः १.३३ पट बांधकाम करता येई. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ३३(७) अन्वये जुन्या उपकरप्राप्त इमारतीच्या जागी त्याहून अधिक बांधकामाची मुभा मिळाली, ती १९९९ नंतर वाढत जाऊन आता तिपटीवर आली आहे. आणि २००९ पासून अनेक इमारती एकत्र केल्यास चौपट. अट एवढीच, की जुन्या भाडेकरूंना नवीन घर फुकट द्यावयाचे.

ह्या योजनेचे गणित वाचकांनी एकदा स्वतः करून पाहावे. समजा, एका चाळीत शंभर बिऱ्हाडे आहेत. त्या प्रत्येकास निदान तीनशे चौरस फुटांचे घर, म्हणजे एकूण तीस हजार चौरस फूट, बिल्डरने मोफत बांधून द्यावयाचे. शिवाय बांधकाम चालू असेतो प्रत्येकाचे दुसरीकडील भाडे भरावयाचे, सरकारास अधिमूल्य द्यावयाचे आणि कर्जावर व्याज भरावयाचे. हा सर्व खर्च आणि वर नफा ज्या घरांतून काढावयाचा, ती विक्रीची घरे जितकी महाग विकता येतील तितकी विकणे त्यास प्राप्तच आहे. इमारत उंच होईल तसा लिफ्टचा, आगीपासून बचावाचा, मोटारी ठेवण्याच्या मजल्यांचा खर्च वाढतो. तो वाढला की घर आणखी महाग करावे लागते, आणि महाग घर घेणारा खोल्याही मोठ्या मागतो. तात्पर्य, एका अंगास फुकट घर आणि दुसऱ्या अंगास कोट्यवधींचे घर; मधल्या किमतीचे घर ह्या गणितात बसतच नाही. भाड्याची खोली तर बसण्याचा प्रश्नच नाही. ज्याच्या हाती जुनी पावती आहे आणि ज्याच्या हाती थैली आहे, असे दोघेच ह्या योजनेच्या ओळखीचे आहेत. काल नोकरीस लागलेला तरुण शिक्षक किंवा केईएममधील परिचारिका ह्यांचे नाव तीत कोठेच नाही.

ऑरसाहेबांच्या नियमाचे स्मरण येथे व्हावे. अरुंद गल्लीतील चाळीच्या जागी चाळीस मजले उभारावयाचे, तर उंचीच्या निम्मी मोकळी जागा कोठून आणणार? म्हणून पुनर्विकासात अपुऱ्या मोकळ्या जागेस, अधिमूल्य भरून घेऊन, सूट देण्याची तजवीज झाली. प्लेगच्या लाखो बळींनंतर जे शहर उजेड आणि वारा ह्यांचे मोल शिकले होते, त्यानेच शंभर वर्षांनी त्यांचा दर ठरविला.

गिरण्यांच्या जमिनीचा इतिहास ह्याहून उद्बोधक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि मध्य मुंबईत अठ्ठावन्न गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी व्हावयाच्या वाटेस लागली. दुरुस्ती मंडळास जे साधन कधीच लाभले नव्हते, ते म्हणजे जमीन, आता शहराच्या आवाक्यात आली होती. १९९१ च्या नियमावलीतील कलम ५८ ने तिची वाटणीही न्याय्य केली: सामान्यतः एक तृतीयांश महापालिकेस मैदाने-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकास. दहा वर्षे मालक स्वस्थ बसले. २००१ साली नियम बदलून ही वाटणी संपूर्ण जमिनीची न धरता केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीची धरावी असे ठरले; म्हणजे जेथे पूर्वी गिरणीची इमारत उभी होती ती जागा हिशेबातून सुटली, आणि गिरणीत मोकळी जागा ती केवढी असणार! हे प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००५ साली जनतेच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो फिरविला. न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावला. तो कायदा कसा असावा हे ठरविण्याचे काम कायदेमंडळाचे होते, आणि कायदेमंडळ निवडून देण्याचे काम आपले.

लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जमिनीवर आज २८० मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. त्याच गिरणीच्या जमिनीवर कामगारांसाठी बांधलेली ५४४ घरे म्हाडाच्या २०२० च्या सोडतीत निघाली. बॉम्बे डाइंगच्या दोन जागांवरील घरे धरून त्या सोडतीत एकूण ३,८९४ घरे होती. त्याआधीच्या २०१२ च्या सोडतीत सुमारे सात हजार घरे दिली गेली. अर्ज मात्र कामगार व त्यांचे वारस मिळून पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. चिठ्ठी निघाली त्याचे भाग्य उजळले. ज्याची निघाली नाही, त्यास चिठ्ठीचीच वाट पाहावयाची. कष्टकऱ्याचा घरावरील हक्क दैवाधीन होऊन बसावा, ह्याचे नवलही आता आपणांस वाटेनासे झाले आहे.

ह्या कथेत एक प्रसंग असा आला, की भाड्याची खोली पुन्हा जन्म घेणार असे वाटले. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने १६० चौरस फुटांची घरे बांधून ती अल्प भाड्याने देण्याची योजना काढली. १६० चौरस फूट म्हणजे लॉइडसाहेबांच्या चाळीतील खोलीचेच माप. परंतु थोड्याच वर्षांत भाड्याची कल्पना टाकून देण्यात आली. पनवेलजवळ कोन येथे बांधलेली अशी घरे दोन-दोन जोडून २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांस मालकीने देण्यात आली. कामगारांस घर मिळाले ह्याचा आनंदच आहे. पण भाड्यासाठी बांधलेले घरही आपण विकल्यावाचून राहिलो नाही, हे नमूद केले पाहिजे. हा कल केवळ मुंबईचा नव्हे. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत नमूद आहे, की देशातील शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ साली शेकडा ५४ होते, ते २०११ साली शेकडा २८ वर उतरले. त्याच पाहणीत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचेही म्हटले आहे.

आरंभीचे कोडे आता बरेचसे उलगडते. कुटुंबे लहान झाली, गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, ही कारणे आहेतच. त्याशिवाय नव्या मनोऱ्यातील विक्रीचे एक घर कित्येक जुन्या खोल्यांची जागा व्यापते, आणि त्यांतील काही घरे राहण्यासाठी घेतलेलीच नसतात. पैसा ठेवण्याची ती तिजोरी असते. उलट अंगास, फुकट घर मिळालेला जुना भाडेकरूही पुष्कळदा तेथे टिकत नाही. चाळीत महिना शंभर-दोनशे रुपये भरणाऱ्या निवृत्त गृहस्थास लिफ्ट, पाण्याचे पंप, रखवालदार ह्यांचा खर्च महिन्यास हजारांनी द्यावा लागतो. दोन मुलांत घर एक. तेव्हा ते विकून एकाने ठाण्यास आणि दुसऱ्याने विरारला जावे, असा विचार घरोघर होतो. त्यास मराठी बाणा सोडला म्हणून नावे ठेवण्यात अर्थ नाही. हिशेब करणारा कोणीही तेच करील. परंतु तो गेल्यावर त्याच्या जागी त्याच्यासारखा दुसरा येत नाही. पूर्वी खोली रिकामी झाली की गावाहून दुसरा भाचा येई. आज घर रिकामे झाले की अधिक श्रीमंत माणूस येतो, किंवा कोणीच येत नाही.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे काम म्हाडाने स्वतः हाती घेतले आहे आणि ते पुष्कळ अंशी स्पृहणीय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांस चाळीस मजली इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसांच्या तोंडावरचा त्या दिवशीचा आनंद कोणास खोटा म्हणवेल? तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ह्या चाळी सरकारच्या मालकीच्या, भाड्याच्या होत्या. मुंबईतील सार्वजनिक भाड्याच्या घरांचा तो एक मोठा साठा होता. आता तो साठा मालकीत रूपांतरित होत आहे, आणि उरलेली जमीन विक्रीच्या मनोऱ्यांस जात आहे. जे आत आहेत त्यांस न्याय मिळाला; जे उद्या येतील त्यांच्यासाठी एकही खोली राखून ठेवलेली नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मनोरे उंच झाले म्हणून गरीब आणि मध्यम माणूस शहराबाहेर गेला नाही. भाड्याची खोली नाहीशी झाली म्हणून तो गेला, आणि तिचा नाश मनोऱ्यांच्या कितीतरी आधी, १९४७ पासून, आपल्या सर्वांच्या संमतीने सुरू झाला. म्हणून उपायही उंचीवर मर्यादा घालण्याचा नाही. सार्वजनिक जमीन ह्या शहरात अद्याप आहे: बंदराच्या मालकीची, रेल्वेची, महापालिकेची, शिल्लक राहिलेल्या गिरण्यांची. ती जेव्हा जेव्हा बांधकामास निघेल, तेव्हा तिच्यावरील काही घरे कायमची भाड्याची, न विकता येणारी, आणि भाडे उत्पन्नाच्या मानाने वेळोवेळी बदलणारे अशी असावीत, एवढी एक अट कायद्यात आली पाहिजे. गोठलेले भाडे इमारत मारते आणि मोकाट भाडे माणसास हाकलते, हे दोन्ही धडे आपण भरपूर किंमत देऊन शिकलो आहोत. त्यांमधील वाट काढणे अशक्य नाही. बांधणीचा खर्च मोठ्या घरांवरील करातून उचलावा, हे व्हिएन्नाने शंभर वर्षांपूर्वी दाखविले आणि कापसाच्या गाठीवर जकात बसवून मुंबईनेही अर्धवट का होईना करून पाहिले आहे.

ही मागणी कोण करणार, हा प्रश्न राहतो. जुना भाडेकरू आपल्या तीनशे फुटांच्या करारात गुंतलेला आहे, श्रीमंतास गरज नाही, आणि ज्यास गरज आहे तो अजून शहरात आलेलाच नाही. त्याचे मत येथील मतदारयादीत नाही. आमच्या वर्गात सकाळी साडेसातच्या तासास येणारी कित्येक मुले पाच वाजता बदलापूर आणि आसनगावहून गाडी पकडतात. त्यांच्या आजोबांनी लालबागच्या एका खोलीत दहा जणांत संसाराचा पाया घातला होता. आजोबांची खोली त्यांना परत द्यावी, असे कोणीही म्हणणार नाही. पण नोकरीच्या पहिल्या वर्षी, पगाराच्या पाचव्या हिश्शात, गिरगाव ते परळ ह्या पट्ट्यात एक स्वच्छ, उजेडाची खोली भाड्याने मिळावी, एवढी त्यांची बाजू ज्यांची घरे झाली आहेत अशा आपल्यासारख्यांनीच मांडावयास हवी.